कात्री नाही धरणार, डोकं धरीन

ताई, आधी मनजीत आंटीचं नाव घेते. तुझ्या मरणाचं मागून.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. "मेली मी, अन् पयलं नाव तिचं काहून?" हाव, तिचंच. खालच्या क्वार्टरमधली ती शीख म्हातारी, जिला तू तोफ म्हणायचीस. दूधवाला उशिरा आला की जिच्या आवाजानं सरोजिनी नगरचा आपला अख्खा ब्लॉक जागा व्हायचा, ती. तिच्याशिवाय तुझं काहीएक मला जमलं नसतं. आधी तिचं नाव घेतलं नाही तर पुढचं सगळं खोटं होईल.

आणि खोटं काल खूप ऐकलं. तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी सुत्तपठण केलं, विहारातल्या सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत आल्या होत्या. मग तुझ्या ऑफिसातले एक साहेब बोलायला उठले. "मॅडम बहुत शांत स्वभाव की थीं। बीमारी को हँसते-हँसते झेला।" मी मागे चटईवर पाण्याचा जग घेऊन बसले होते. तो जग उचलून त्यांच्या डोक्यात घालावा असं वाटलं. शांत? तू? हसत? तू तर चावत गेलीस, ओरबाडत गेलीस. शिव्या देत, भांडी फेकत, शेवटच्या श्वासापर्यंत मारामारी करत गेलीस. ती मारामारी मी पाहिली आहे. ती पुसून तिथे कुणी हसरा फोटो टांगला, ते मला सहन होत नाही. म्हणून लिहिते. आठवीतून शाळा सोडलेली बहीण लिहिते म्हटल्यावर तू आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासशील. तपास. आता तुला वेळच वेळ आहे.

तुझा फोन आला तेव्हा मी वर्ध्याकडे, आपल्या गावी, पोरीच्या शाळेचा डबा भरत होते. "ये. कोणाले सांगू नको." बस, एवढंच. पोरीला सासूच्या हवाली केलं आणि आले. आयुष्यात नागपूरच्या पुढे गेले नव्हते. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर उचललेला पाय मी मागे घ्यायचे, आणि तू पुढून ओरडायचीस, "ये न! तो काय तुले खाऊन टाकते?" हॉस्पिटलच्या इंग्रजी पाट्या तू मला मुद्दाम वाचायला लावायचीस. "वाच. मोठ्यानं वाच." छातीत गाठ तुझ्या आणि परीक्षा माझी.

पहिलं औषध चढवलं ते लाल होतं, रूह अफजासारखं. नर्स म्हणाली, घाबरू नका, लघवीपण लाल होईल. हातातली शीर आतून भाजत गेली. दोन दिवसांत कोपरापर्यंत काळी दोरी उठली. घरी येऊन तू अशी उलट्यांना लागलीस, की तसं विव्हळताना मी अडलेल्या म्हशीलाही ऐकलं नव्हतं. तोंड आतून सोलून निघालं. पाणी प्यायलीस तरी काचा गिळल्यासारखा चेहरा व्हायचा. फोडणीचा वास आला की हातात येईल ते माझ्या दिशेनं यायचं. चमचा, चप्पल, एकदा तर टीव्हीचा रिमोट. तू नेम धरून मारायचीस. आजारानं तुझा नेम बिघडला नाही, एवढं मी साहेबांना सांगायला हवं होतं.

केसांची तयारी तू आधीच करून ठेवली होतीस. तू ऑफिसर बाई, सगळ्याची तयारी आधी. करोल बागेतून टोप आणलास, चांगला खऱ्या केसांचा, खांद्यापर्यंतचा. तो फ्रिजवर उपड्या तांब्यावर बसवलास. जाता येता मला वाटायचं, घरात तिसरी बाई आहे आणि ती माझ्याकडे पाठ करून उभी आहे.

मग ती दुपार आली. मे महिना, कूलर गरम हवा फेकत होता. तू आरशासमोर उभी राहून कंगवा घातलास आणि कंगव्याबरोबर मूठभर केस आले. तू रडली नाहीस. कंगवा भिरकावलास आणि हातानं उपटायला सुरुवात केलीस. गवत उपटावं तसे केस येत होते. एकेक मूठ तू माझ्या अंगावर फेकत होतीस. "घे! घाल वेणी! घे न!"

आपली आई गेल्यापासून माझी वेणी तूच घालायचीस. ती वेणी म्हणजे शिक्षा असायची. माझं डोकं तुझ्या दोन गुडघ्यांत दाबून धरायचीस, जटा कंगव्यानं वरून खाली ओढायचीस, मी ओरडले तर कंगव्याचीच एक बसायची. पण शाळेत माझ्या वेण्या सुटल्या नाहीत कधी. संध्याकाळपर्यंत दोन काळ्या काठ्या कानाशी उभ्या. ते सगळं त्या दुपारी माझ्या अंगावर येऊन पडत होतं, झुबक्या-झुबक्यानं.

दमलीस तेव्हा तू फ्रिजवरचा टोप काढून घातलास. आरशात पाहिलंस. चेहऱ्याचा रंग गेला.

"कोणाचे असतील हे?" तू विचारलंस.

"काय?"

"केस. कोण्या बाईचे असतील हे? तिच्या डोक्यावर आता काय आहे?"

तू टोप ओढून काढलास, स्वयंपाकघरात गेलीस आणि पेटत्या गॅसवर ठेवलास. मी आडवी आले तर मला कोपरानं ढकललंस. केस जळायचा तो वास, ताई. चितेवरचा वास. घरभर धूर झाला, खिडकीतून खाली गेला. खालून आरोळी आली, "आग लग्ग गई!" आणि मनजीत आंटी, सत्तरीची, दुखऱ्या ढोपरांची, पाण्याची बादली घेऊन जिना चढून आली. दार उघडंच होतं. तिनं विचारलं नाही, पाहिलं नाही. अख्खी बादली मारली. गॅसवर, टोपावर आणि तुझ्यावर.

मग तिनं पाहिलं. तू भिजून उभी. डोक्यावर इथे एक झुबका, तिथे एक, मध्ये पांढरी कातडी. ब्लॉकमध्ये तू सगळ्यांना सांगितलं होतंस की ॲसिडिटी आहे.

तू तिच्या अंगावर धावलीस. "निकलो! क्या देख रहे हो? बाहर!" आंटी हलली नाही. बादली खाली ठेवली, ओल्या फरशीवर फतकल मारली आणि मांडीवर थाप मारली.

"बैठ. ऐसे आधे-अधूरे में नहीं रहते, पुत्तर. एक बार में निकाल."

कपाटाच्या तळाशी तू केस काढायची मशीन आणून लपवली होतीस, हे मला तेव्हा कळलं. ब्लेड लावायचं नाही, कापलं तर पिकेल, असं नर्सनं बजावलं होतं. मी आधी कात्री आंटीपुढे केली, कारण तुझ्या केसांना कात्री लावणं मला धजवत नव्हतं. तिनं मान हलवली. तिच्या धर्मात केसांना कात्री लावत नाहीत. तिनं, तिच्या आईनं, तिच्या नवऱ्यानं, कुणीच लावलेली नाही.

"कैंची मैं नहीं चलाऊँगी," ती म्हणाली. "सिर पकड़ूँगी."

आणि तिनं तुझं डोकं असं धरलं, गोऱ्ह्याचं नाक टोचताना धरतात तसं. एक हात हनुवटीखाली, एक मानेमागे. तू लाथा झाडल्यास. तिच्या दंडावर नखं रुतवलीस. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते आणि तोंडानं वाहेगुरू, वाहेगुरू चालू होतं. मी कात्री चालवली, मग मशीन. मशीनचा तो भुंग्यासारखा आवाज, त्यावर तुझा हंबरडा, आणि खाली आंटीच्या मांडीवर, तिच्या सलवारीवर, केसच केस. एका केसाला कात्री लागलेली जिला पाहवत नाही, तिच्या अंगावर मी तुझे सगळे केस पाडले.

झाल्यावर ती खाली गेली. मला वाटलं, न्हायला गेली, आता परत येत नाही. परत आली तेव्हा हातात केशरी मलमल होती, घडी घातलेली, लांबच लांब. तिच्या मेलेल्या नवऱ्याची पगडी. तिनं टोक दातात धरलं आणि फाडली. चर्रर्र.

"आंटी! अंकलची पगडी..." मी ओरडलेच, मराठीत.

तिला समजलं. "अब किसी सिर के काम तो आए," म्हणाली आणि एक तुकडा तुझ्या डोक्याला गुंडाळला, हलक्या हातानं. दुसरा मोठा तुकडा खांद्यावर पांघरला, कारण भर मे महिन्यात तू थंडीनं कुडकुडत होतीस. मलमल टोचत नव्हती, तापत नव्हती. तू भिंतीला टेकलीस आणि तिथेच झोपलीस.

आणि त्या पगडीनंच घात केला.

दोनचार दिवसांनी मेश्राम काकू आल्या, आपल्या नागपूरकडच्या, विहारातल्या. त्यांचे मिस्टर कुठल्याशा मंत्रालयात. बरोबर आणखी दोघीजणी. तू बरेच रविवार दिसली नाहीस म्हणून चौकशीला. दार मी उघडलं. काकूंनी आत पाहिलं. तू चटईवर ताठ बसली होतीस, कारण टेकलं की मळमळायचं. डोकं तुळतुळीत. अंगावर केशरी वस्त्र. डोळे अर्धे मिटलेले.

काकू उंबऱ्यातच गुडघ्यांवर गेल्या. "साधु! साधु! साधु!"

मला आधी कळेना. मग कळलं. त्यांना वाटलं, तू श्रामणेरी झालीस, थोड्या दिवसांची भिक्खुणी. शिबिरात जाऊन मुंडण करून चीवर घेऊन आलीस. आपल्या लोकांशिवाय हा घोळ कुणाला घालता आला असता? दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बाईला कॅन्सर आहे. आपल्या बायांनी पाहिलं आणि जमिनीला कपाळ टेकलं.

"शिबिर कुठी होतं माय? बोधगयेले?" काकूंनी विचारलं. तू काही बोलली नाहीस. काकूंनीच मागे वळून कुजबुजत सांगितलं, "मौन आहे वाटते."

त्या गेल्यावर मी हसून हसून लोळले. तुला वाटलं मी तुला हसते. तांब्या आला. मी चुकवला.

"सांगून टाक त्यायले," मी म्हटलं.

"काहून?"

"खोटं आहे ते."

"मी काही खोटं बोलली नाही. त्यायनं मानलं." मग भिंतीकडे पाहत, "पायावर डोकं ठेवून राहिल्या न? मंग ठेवू दे. बिचारी बिचारी म्हणत गालावरून हात फिरवतील, त्यापेक्षा बरं."

हे आपलं भांडण राहिलं, ताई. गप्प बसणं खोटं की नाही. मी आजही म्हणते खोटं. पण त्या दिवसांत तुझी पाठ ताठ राहिली, हेही खरं. दोन्ही सांगायला तू समोर हवी होतीस.

मी खोटं का म्हणते, तर पुढे काय झालं ते आठव. श्रामणेरीनं दुपारी बारानंतर जेवायचं नसतं. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी दोन घास, काहीही, पण पोटात गेलं पाहिजे. वजन पडलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पडल्या, तर पुढचं औषध देता येणार नाही. औषध थांबलं तर गाठ थांबणार नाही. एवढं साधं होतं. सकाळी तर तुझ्या पोटात पाणी ठरत नसे. जे काय दोन घास जायचे ते दुपारनंतरच. आणि दुपारनंतर मेश्राम काकू. रोज. नवरे ऑफिसात, पोरं ट्यूशनला, म्हणून रोज. फुलं आणायच्या, तुझ्यासमोर बसायच्या, पोरींना पाया पडायला आणायच्या. तू ताठ. कोरडी. त्या उठून गेल्या की तू मोरीत हिरवं पित्त ओकायचीस आणि मग खायचं त्राणच उरायचं नाही.

एकदा मी वाटीत पातळ खिचडी घेऊन पडद्याआडून तुला खूण करत होते, तर काकूंनी मला पकडलं. माझा दंड धरून स्वयंपाकघरात नेलं. "बहिणीचं शील मोडते काय वं? एवढी चांगली मार्गाला लागली ती!" आणि वाटी काढून घेऊन ओट्यावर आपटली. ओट्यावर लाटणं होतं आणि माझा हात लाटण्यावर होता. नाही मारलं. का नाही मारलं, अजून कळत नाही.

त्या संध्याकाळी मी तुला खाली पाडलं. छातीवर गुडघा ठेवला, ज्या बाजूला गाठ नव्हती त्या बाजूला, जबडा धरला आणि पेजेचा चमचा आत घातला. "गिळ! गिळ न! माझी पोरगी तिकडे मायशिवाय झोपते अन् मी इथं तुझा देव्हारा सांभाळू?" तू माझ्या करंगळीचा चावा घेतलास. असा, की हाडाला दात लागले. आपण दोघी फरशीवर, पेज सांडलेली, माझ्या बोटाचं रक्त आणि तुझ्या हिरड्यांचं रक्त, कुठलं कुणाचं कळेना. पण चमचाभर पेज गेली. माझं ते नख नंतर काळं पडलं. तुझी सगळीच पडली होती, औषधानं. माझं एक. ते अजून आहे. मुळाशी नवं येतंय, काळं पुढे सरकतंय. मी ते रोज पाहते.

मग तारीख आली आणि हॉस्पिटलनं आपल्याला परत पाठवलं. पेशी पडल्या होत्या, वजन पडलं होतं. डॉक्टर तुझ्याशी बोलले नाहीत, माझ्याकडे पाहिलं. "आप लोग इन्हें खाना नहीं दे रहे?" रिक्षात, आश्रम चौकाच्या ट्रॅफिकमध्ये, तू ऊन तोंडावर घेत बसलीस. भुवया गळून गेलेला तुझा तो चेहरा मला ओळखू येत नव्हता.

घरी आलो तर काकू जिन्यातच, फुलांची परडी घेऊन, मागे त्या दोघीजणी. काकू आत आल्या, वाकल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "काय तेज आलं हो चेहऱ्यावर!"

तेज! उलट्यांसाठी दिलेल्या स्टेरॉइडनं सुजला होता तो चेहरा.

तू उभी राहिलीस. डोक्यावरची मलमल ओढलीस, खांद्यावरची ओढलीस. बाही वर सारून तो काळ्या दोरीचा हात काकूंच्या डोळ्यांसमोर धरलास. "तेज नाही, काकू. कॅन्सर आहे. पाहा. पाहून घ्या सगळ्याजणी." आणि माझ्याकडे वळून एवढ्या जोरात ओरडलीस की खाली आंटीलाही ऐकू गेलं. "जेवाले आण!"

चार वाजले होते. मी वरणभाताचं पातेलंच आणलं. ताट आणायचं सुचलं नाही. तू पातेलं मांडीवर घेतलंस आणि दोन्ही हातांनी खायला लागलीस. ओठ फुटलेले, भातावर रक्ताचे थेंब, तू तसाच कोंबत होतीस. ठसका लागला. बाहेर आलं. पुसलंस आणि पुन्हा कोंबलंस. "पाहा! बारा वाजून गेले! जेवून राहिली मी! मोडलं शील! द्या शाप!" भाताचा एक गोळा भिंतीवर गेला, एक परडीत फुलांवर. दोघीजणी रडत दाराकडे सरकल्या.

काकू नाही सरकल्या. त्या तशाच गुडघ्यांवर होत्या, तोंड उघडं. मग उठल्या आणि तुझ्या पाठीत धपाटा घातला. खराखुरा, आवाज आला असा. "कार्टे! एवढे दिवस मी तुह्या पायावर डोकं ठेवून राहिली, अन् तू उपाशी? माह्यासमोर उपाशी? मेली असती तर कोणत्या तोंडानं बुद्धासमोर बसली असती मी?" आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून मारून घेत होत्या. तू भातानं भरलेल्या तोंडानं त्यांना शिवी दिलीस. त्यांनी तुला दिली. मग त्या पदर खोचून आत गेल्या आणि मला म्हणाल्या, "सरक. पेज अशी पाण्यासारखी करतात काय? तूप कुठी ठेवते?"

दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले. मऊ भात, ज्वारीच्या पिठाची आंबील, भोपळ्याचं सूप. दुपारच्याच बायका, त्याच चटईवर, पण आता तुला शिव्या घालून खाऊ घालायच्या. आंटी खालून दही पाठवायची. पेशी वर आल्या. पुढचं औषध मिळालं, त्यापुढचंही. तू उघड्या डोक्यानं बाजारात जायला लागलीस. टोप्यांच्या गाड्यावरचा पोरगा म्हणाला, "मैडम, गंजे के लिए स्टाइलिश पीस है," तर तू त्याच्या सगळ्या टोप्यांचा ढीग रस्त्यावर उलटा केलास, आणि मग त्यातलीच एक घेऊन आलीस. निळी.

मी तेव्हा म्हटलं होतं, आपण जिंकलो.

मग ताप आला. एका सकाळी साधा ताप, आणि संध्याकाळी तुझे ओठ निळे. औषधानं पेशी पुन्हा खाली ओढल्या होत्या, आणि अंगात काहीतरी शिरलं ते थांबवायला आत कुणी उरलं नव्हतं. एवढंच मला समजलं. दारावरच्या पाट्या मी सगळ्या वाचल्या, मोठ्यानं, तुझी ट्रॉली ढकलत. तू ऐकलंस की नाही, माहीत नाही. दहावीला बस म्हणून तू माझा जीव खाल्लास आणि मी म्हणत राहिले, जमत नाही. तेही भांडण राहिलं. नळ्या लावताना तू नर्सच्या हाताला चावलीस. ती चिडली नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, दात आहेत अजून.

तुला शेवटची आंघोळ घातली ती आम्ही तिघींनी. काकू, आंटी, मी. तुझ्या डोक्यावर पाणी ओतलं आणि तळव्याला खरखरलं. ज्वारी कापल्यावर धसकटं टोचतात तसं. बारीक, काळे, नवे. तू मरत होतीस तेव्हा ते उगवून राहिले होते. मी हात तिथेच ठेवून अशी ओरडले की काकूंनी मला मागून कवळ्यात धरून ओढून काढलं. आता सांगते, मला त्या केसांचा राग आला होता. तुझा नाही, औषधाचा नाही. त्या केसांचा. एवढा उशीर करतात का?

पांढरी साडी नेसवली. डोकं उघडंच ठेवलं. पगडीचे तुकडे मी धुऊन घडी घालून आंटीला परत द्यायला गेले, काल, सगळे गेल्यावर.

दार ढकललं आणि मी थबकले. आंटी खाटेवर पाठमोरी बसली होती आणि तिचे केस मोकळे होते. ताई, तू ते कधी पाहिले नाहीस. मीही नव्हते पाहिले. कमरेच्या खालपर्यंत, पांढरेशुभ्र, जाड, आणि नुसता गुंता. हातात कंगवा होता आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता. खांदा कधीचाच आखडलाय. रविवारी तिचा मुलगा वेणी घालून देतो. केस त्यालाही तेवढेच लांब, पण त्याला पगडी येते, वेणी येत नाही; सोमवारी सुटते.

त्याच खांद्यानं तिनं तुझं डोकं धरून ठेवलं होतं. त्याच खांद्यानं बादली वर आणली होती.

आणि एवढ्या उन्हाळ्यात ती आपल्याकडे यायची तेव्हा ओढणी कपाळापर्यंत घट्ट. तू एकदा म्हणाली होतीस, "तोफ मले पाहाले येते, आपले केस झाकून. जसं काही मी चोरणार आहे." मला वाटलं होतं त्यांची रीत असेल. रीत नव्हती, ताई. खाली तिच्या अंगणात ती उघड्या डोक्यानं फिरते, ब्लॉकमधल्या बायांनी सांगितलं. ती फक्त तुझ्यापुढे झाकून यायची. हे तुला सांगायचं राहिलं, कारण मलाच काल कळलं.

मी म्हटलं, "आंटी, द्या कंगवा." तिनं तो मागे लपवला, लहान पोरीसारखा.

"पहले घर जा, पुत्तर. बेटी को देख. फिर आ जाना. मेरे बाल कहीं नहीं जा रहे."

बोलून गेली आणि तिच्याच लक्षात आलं काय बोलली ते. तोंडावर हात गेला. आणि मी हसले, ताई. हुंदक्यासकट, शेंबडासकट, पोट धरून हसले. मग तीही. तू असतीस तर आधी काहीतरी फेकून मारलं असतंस आणि मग आमच्यापेक्षा मोठ्यानं हसली असतीस.

आज माझी गाडी आहे. निळी टोपी पोरीला नेते. सरकत्या जिन्याची भीती अजून तशीच आहे, तू पुढून ओरडायला नाहीस, तरी त्याच जिन्यावरून मी परत येणार आहे. कधी ते ठाऊक नाही, पण येईन. आंटीला खाली बसवीन, तिचं डोकं माझ्या गुडघ्यांत घेईन, तेल जिरवीन आणि गुंता खालून वर सोडवीन, तू करायचीस तसा वरून खाली नाही. ज्या हातांनी तुझे केस पाडले, त्याच हातांनी तिची वेणी घालीन. घट्ट घालीन, तुझ्यासारखी, सोमवारी सुटणार नाही अशी. फक्त ओढणार नाही.